मधुमेहाचे ‘ते’ एक जनुक शोधू नका

“डॉक्टर, साखरेचे जनुक सापडले म्हणे. आता एक इंजेक्शन घेतले की गोळ्या सुटतील का?” असे विचारणारा रुग्ण महिन्याकाठी एक तरी भेटतो. हातात वर्तमानपत्राचे कात्रण असते आणि कात्रणात परदेशातील प्रयोगशाळेतल्या उंदरांची हकीकत असते. हकीकत बहुधा खरी असते. फसवा असतो तो तिच्यावरचा मथळा. एका रोगाला एक जनुक आणि एका जनुकाला एक औषध हा हिशेब किती चुकीचा आहे, हे त्या उंदरांनीच दाखवून दिले आहे.

एखाद्या जनुकाचे काम काय, हे कळण्याचा सरळ मार्ग म्हणजे ते काढून टाकायचे आणि काय बिघडते ते पाहायचे. असे ‘नॉकआउट’ उंदीर १९८९ साली प्रथम तयार झाले. ही पद्धत शोधणाऱ्या मारिओ कापेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. पण तिच्यात एक अडचण होती. कोणता दिवा कोणत्या तारेवर आहे हे शोधायला मेन स्विचच बंद केला, तर घरभर अंधार होतो आणि कळत काहीच नाही.

इन्शुलिनच्या बाबतीत नेमके हेच झाले. इन्शुलिन पेशीच्या दारावर थाप मारते. ती थाप ऐकणाऱ्या प्रथिनाला इन्शुलिन रिसेप्टर म्हणतात. या रिसेप्टरचे जनुक सगळ्या शरीरातून काढलेल्या उंदरांचे प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाले. पिले जन्मली, दूध प्यायली, साखर वाढत गेली, रक्तात आम्ल साचले आणि काही दिवसांतच ती मेली. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचे इन्शुलिन कोणाच्या तरी सांगण्यावरून बंद केले, तर त्याचीही हीच गत होते. पण इन्शुलिनवाचून जगता येत नाही, हे १९२२ साली टोरांटोत पहिल्या रुग्णाला ते टोचले तेव्हाच कळले होते. नवे काय कळले?

उपाय सापडला तो खोलीखोलीचे स्विच वेगळे करण्याचा. जिवाणूंना ग्रासणाऱ्या एका विषाणूकडे ‘क्रे’ नावाची कात्री आहे. ती डीएनएवर वाटेल तिथे चालत नाही. ‘लॉक्स’ नावाच्या दोन खुणा दिसल्या तरच मधला तुकडा कापते. मग एका वाणाच्या उंदरात हव्या त्या जनुकाच्या दोन्ही बाजूंना खुणा घालायच्या. जनुक आपले काम करीतच राहते. दुसऱ्या वाणात कात्री घालायची, पण अशी की ती फक्त यकृतात तयार व्हावी. दोन्हींचा संकर केला की पुढच्या पिढ्यांत अशी पिले मिळतात, ज्यांच्या यकृतातून तेवढे जनुक गेलेले असते; बाकी शरीर शाबूत. शेतकरी वाचकांना संकर समजावून सांगायची गरज नाही. जर्मनीत कोलोन येथे क्लाउस रायेव्स्की यांच्या गटाने १९९४ साली एकाच प्रकारच्या पांढऱ्या पेशींतून जनुक काढून दाखवले. पुढे टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध देऊन ही कात्री हवी त्या वयात चालवण्याची सोयही झाली.

बोस्टनच्या जोस्लिन मधुमेह केंद्रात रोनाल्ड कान यांच्या गटाने याच युक्तीने रिसेप्टरचे तेच जनुक एकेका अवयवातून काढले. जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायू उचलतात, असे आम्ही सगळे शिकलो. म्हणून स्नायूंमधून रिसेप्टर गेला की मधुमेह होणार, असे वाटत होते. झाला नाही! १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात उंदरांची साखर ठीक राहिली. वाढली ती चरबी. यकृतातून काढल्यावर मात्र साखर चांगलीच बिघडली. स्वादुपिंडाच्या बीटा पेशींतून काढले, तर समोर साखर असूनही त्या पेशी वेळेवर इन्शुलिन सोडीनात, म्हणजे आपल्याकडच्या टाइप २ रुग्णासारखेच. मेंदूतून काढले तर वजन वाढले आणि प्रजननात अडथळा आला. सर्वांत नवल चरबीच्या पेशींचे. तेथून रिसेप्टर काढलेले उंदीर नेहमीइतके खाऊनही सडपातळ राहिले आणि सरासरी १८ टक्के जास्त जगले. हे २००३ साली प्रसिद्ध झाले.

जनुक एकच, एका जागी गेले तर घात, दुसऱ्या जागी गेले तर आयुष्य वाढले. आता सांगा, ‘साखरेचे जनुक’ म्हणायचे कशाला? माझे तर मत आहे, की जनुकाची बातमी छापताना ते कोणत्या अवयवातून आणि कोणत्या वयात काढले, हे पहिल्या चार ओळींत यायलाच हवे. नसेल तर वाचकाने ती बातमी करमणूक म्हणून वाचावी. ‘साखर मुळापासून घालवा’ म्हणणाऱ्या चूर्णवाल्यांनाही हाच प्रश्न विचारावा: मूळ कोणते, यकृतातले की स्वादुपिंडातले?

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही खरे. ती कात्री कधीकधी नको तिथेही चालते, आणि प्रयोगशाळेतला उंदीर दोन-एक वर्षे जगतो. आपला मधुमेह वीस-तीस वर्षे सोबत राहतो. म्हणून या प्रयोगांतून उद्याच औषध निघेल असे मी कोणाला सांगत नाही. ‘इतकी वर्षे उंदीर मारून काय मिळवले?’ असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. औषध नेमके कोणत्या दारावर न्यायचे, हे यातूनच कळत आले आहे.

त्या स्नायूवाल्या उंदरांचे एक सांगायचे राहिले. त्यांच्या स्नायूंना इन्शुलिनची थाप ऐकू येत नव्हती. तरीही व्यायाम करवल्यावर त्याच स्नायूंनी साखर भरपूर उचलली. १९९९ सालचा हा प्रयोग. स्नायू आकुंचन पावला की साखरेसाठी दुसरे दार उघडते आणि त्या दाराला इन्शुलिन लागत नाही.

कात्रणवाल्या एका गृहस्थांना मी हे सगळे सांगितले. त्यांनी कात्रण घडी घालून खिशात ठेवले. म्हणाले, “म्हणजे फिरून फिरून तुम्ही चालायलाच सांगणार!”

सांगितले. आणि गोळ्याही चालू ठेवायला सांगितल्या.