जर्मन वाइन गोडच असते? आधी लेबलवर 'ट्रॉकन' शोधा

'जर्मन व्हाइट वाइन? म्हणजे गोडच असणार!' असं अनेकजण बाटली न बघताच ठरवून टाकतात. याला बऱ्याच अंशी लीबफ्राउमिल्ख जबाबदार. ही स्वस्त, गोडसर वाइन विसाव्या शतकात परदेशात एवढी खपली की तीच जर्मनीची ओळख बनली.

लेबलवर 'ट्रॉकन' लिहिलं असेल तर वाइन ड्राय, म्हणजे जवळपास बिनगोड. (ड्राय डेशी संबंध नाही!) नियमानुसार लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर चालते. आम्लता पुरेशी असेल तर 9 ग्रॅमपर्यंत. कारण आंबटपणा गोडवा झाकतो. लिंबू सरबतात किती साखर घातलीय, हे तरी कुठे कळतं?

रीसलिंग द्राक्षाची खासियत हाच आंबटपणा. श्नित्झेलवर लिंबू पिळतात, तेच काम इथे वाइन करते. लोण्यात परतलेल्या ट्राउट माशासोबत तर ती अप्रतिमच.

पण पांढऱ्या शतावरीसोबत, म्हणजे जर्मन 'श्पार्गेल'सोबत, माझं मत सिल्वानरला. फ्रँकन भागातल्या चपट्या, गोलसर बाटलीत ती मिळते. आंबटपणा कमी असल्याने भाजीची नाजूक चव दबत नाही. श्पार्गेलचा हंगाम 24 जूनला संपतो, त्याआधी जर्मनीला जाणार असाल तर चुकवू नका.

जेवण झणझणीत असेल तर मात्र ट्रॉकनचा हट्ट नको. मिरचीपुढे ती अजूनच आंबट लागते. तिथे थोडी गोडसर 'हाल्बट्रॉकन' मागवा.