परसातलं लिंबू आणि मोरीचं पाणी



उसात काणीचा चाबूक दिसला की आपण तो पोत्यात झाकून बेट समूळ उपटतो नि जाळतो. पण परसातल्या लिंबाच्या बुंध्यातून डिंक ओघळू लागला तर म्हणतो, "असू दे, झाडाला डिंक यायचाच." बंधूंनो, हा रोग आहे. डिंक्या त्याचं नाव. फायटोप्थोरा ही बुरशी जमिनीत असते आणि बुंध्याशी ओल साचली की सालीत शिरते. साल तडकते, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, आणि साल चौफेर कुजली की झाड उभ्यानं वाळतं.

माझं स्पष्ट मत असं, की यात बुरशीपेक्षा आपला दोष मोठा. मोरीचं पाणी आपण थेट बुंध्यात सोडतो. उसाला पाट भरून पाजायची सवय, तीच लिंबाला लावतो. दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? माझ्याच घरचं, वडिलांनी लावलेलं लिंबू असं गेलं. मी गावोगाव बेणेप्रक्रिया सांगत हिंडत होतो. आई म्हणाली, "लोकांचा ऊस बघतोस, दारचं झाड दिसलं नाही व्हय?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

तेव्हा आधी मोरीचा पाट वळवा. बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर मातीची बांगडी घाला आणि पाणी तिच्या बाहेर द्या. कलमी मोसंबी असेल तर डोळा मातीच्या वर वीतभर मोकळा राहू द्या. शेणखत बुंध्याला टेकवू नका. खणताना मुळ्या तोडू नका.

त्यानंतर बोर्डो मलम. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवा. लोखंडी भांडं नको. 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात विझवून गाळून घ्या. दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकदम ओता नि ढवळा. विळ्याचं पातं बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना आणखी घाला. रोगट साल धारदार चाकूनं खरवडून जाळा आणि बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत मलम लावा. एकदा पावसाळ्यापूर्वी, एकदा पावसाळा संपल्यावर. मलम त्याच दिवशी संपवा. मोरचूद विषारी आहे, पोराबाळांपासून नि जनावरांपासून लांब ठेवा.

आता एक मागणी. दोन झाडांसाठी मोरचुदाचं मोठं पुडकं कोण घेईल? आपल्या गट ऑफिसात ते 100 ग्रॅमच्या पुड्यांत मिळावं, असं मी शेतकी खात्याकडे मांडणार आहे. सभासदांनीही वार्षिक सभेत हा विषय काढावा.

उसाचं बिल हंगामाला येतं. दारचं लिंबू रोजच्या ताटात येतं. त्याला घरच्या माउलीनं पाणी घालून वाढवलेलं असतं. या मे महिन्यात तिला विचारून एकदा त्याच्या बुंध्याशी वाकून बघा.

आपला,
ऊस विकास अधिकारी