चार अर्धे दिवस

मुलीला दिवस गेले की घरीदारी पहिला प्रश्न असतो, "तब्येत बरी आहे ना?" आणि लगेच दुसरा, "मग आता नोकरी सोडणार असेल ना?" दुसरा प्रश्न विचारणारेही मायेनेच विचारतात, पण मला तो आवडत नाही. आज त्यावरच लिहायचं आहे. लेख थोडा लांबणार, तेव्हा चहा घेऊन बसा.

आमच्या भागात पहाटे साडेपाचला फिरायला निघालं तर मोशी, भोसरी, नाशिक फाटा, सगळीकडे कंपनीच्या बसची वाट पाहत उभ्या असलेल्या मुली दिसतात. पाठीला सॅक, हातात डबा, गळ्यात ओळखपत्र. चाकण, खराबवाडी, महाळुंगे, कुरुळी या बाजूला तर मराठवाडा-विदर्भातून आलेल्या कितीतरी मुली चार-पाच जणींत एक खोली घेऊन राहतात. पन्नास वर्षांपूर्वी पिंपरीच्या कारखान्यात स्त्री दिसली तर ती बहुधा ऑफिसात टाइप करत असे. टेल्कोने इंजिनिअरच्या जागेसाठी 'स्त्रियांनी अर्ज करू नयेत' अशी जाहिरात दिली, म्हणून १९७४ साली सुधा कुलकर्णी (आताच्या सुधा मूर्ती) यांनी जेआरडींना पोस्टकार्ड लिहिलं, हे आपल्याला पाठ आहे. त्याच पिंपरीच्या कारखान्यात आज मोटारी जोडणारी महिलांची आख्खी लाइन आहे. फार आनंदाची गोष्ट आहे. पण लाइनवर बाई आली, म्हणजे कधी ना कधी लाइनवर गरोदर बाई येणार, हे कुणी धरलंच नव्हतं की काय, असं हल्ली वाटायला लागलं आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची मुलगी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. कारखान्यात आहे म्हणजे ठेकेदाराकडे आहे, आणि ठेकेदार कारखान्यात आहे! पगार हातात पंधरा हजारांच्या आसपास, त्यात हजेरी भत्ता धरलेला. महिन्यात एक खाडा झाला की तो भत्ता गेला. सकाळी सातची पाळी, आठ तास उभ्याने काम.

२०२५ च्या पावसाळ्यात तिची आई माझ्याकडे आली. "बाई, पोरीला पाचवा महिना लागलाय आणि तिने अजून कुठे नावच नोंदवलं नाहीये." मला खरंच वाटेना. मुलगी बारावी झालेली, हातात मोबाईल, दवाखाना घरापासून दहा मिनिटांवर. संध्याकाळी तिलाच बोलावलं. आधी काही बोलेना. मग म्हणाली, "आजी, आमच्या लाइनवर एकीने सांगितलं होतं. तिला सुपरवायझर म्हणाला, तू आता ब्रेक घे, डिलिव्हरी झाली की ये. ती परत आली तेव्हा तिची जागा भरली होती. म्हणून मी ठरवलं, पोट दिसेपर्यंत सांगायचंच नाही."

आता, ज्या गोष्टीचा कामावर पत्ता लागू द्यायचा नाही, तिच्यासाठी रजा कशी मागणार? सरकारी दवाखान्याची बाह्यरुग्ण वेळ सकाळची, हिची पाळीही सकाळची. खाडा केला तर भत्ता जाणार आणि वर कारण विचारणार. म्हणून दवाखाना पुढे ढकलत राहिली. शेवटी गेली तेव्हा हिमोग्लोबिन निघालं ८.२. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेलं की पंडुरोग धरतात. डॉक्टरीणबाई रागावल्या, शिरेतून लोह द्यावं लागलं. बाळ झालं ते सव्वादोन किलोचं, म्हणजे अडीच किलोच्या खालचं. आता दोघंही बरी आहेत, पण ते पहिले पाच महिने काही परत येत नाहीत.

मला सांगायचं आहे ते इथेच. आपण बाळंतपणाची तपासणी हा दवाखान्याचा विषय समजतो आणि रजा हा कंपनीचा. प्रत्यक्षात दोन्ही एकाच दोरीला बांधलेले आहेत. नोकरी जाईल ही भीती असली की बाई तपासणीला जात नाही. तिने लोहाच्या गोळ्या का नाही घेतल्या, याचं उत्तर तिच्या अडाणीपणात शोधू नका, कारखान्याच्या फाटकाशी शोधा.

माझ्या वेळची गोष्ट सांगते. १९७७ साली थोरल्याच्या वेळी मला अनुदानित शाळेतून तीन महिन्यांची पगारी रजा मिळाली होती. मुख्याध्यापकांना सांगताना लाज वाटायची, पदर सावरत अर्ज पुढे केला होता! पण भीती वाटली नव्हती. आजच्या या मुलीला लाज अजिबात नाही, नुसती भीती आहे. प्रगती म्हणायची की काय, तुम्हीच ठरवा.

तुम्ही म्हणाल, कायदा आहे की! आहे, आणि चांगला आहे. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा २०१७ साली सुधारला आणि पहिल्या दोन मुलांसाठी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण मुख्य तरतुदी त्याच आहेत. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेलं असलं की हक्क लागू होतो. रजेतले आठ आठवड्यांपर्यंत आधी घेता येतात. गर्भपात झाला तर सहा आठवडे रजा आहे. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही. इतकंच काय, गरोदर असताना आधीच काढून टाकलं तरी, गंभीर गैरवर्तनाचं कारण नसेल तर, तिचा लाभ बुडत नाही. 'ब्रेक घे' म्हणणाऱ्या सुपरवायझरला हे ठाऊक नसतं, आणि मुलीला तर नसतंच नसतं.

ठेकेदाराची सबबही चालत नाही. थेट नेमलेली असो की ठेकेदारामार्फत, कायदा दोघींना सारखाच आहे. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांना हा लाभ मिळालाच पाहिजे असं सांगितलं. २०२३ साली एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात, करार मध्येच संपला तरी लाभ पूर्ण मिळेल, असंही सांगितलं. अडचण आहे ती 'अप्रेंटिस' म्हणून घेतलेल्या मुलींची. शिकाऊ उमेदवार कायद्याखालच्या उमेदवाराला ही संहिता कर्मचारी धरत नाही. शिकाऊ म्हणून घ्यायचं, काम पुरं करून घ्यायचं आणि हक्काची वेळ आली की 'ही कर्मचारीच नाही' म्हणायचं, यावर खरं तर वेगळा लेख लिहायला हवा. असो.

आणखी एक गंमत. या मुलीच्या पगारातून ईएसआय कापला जात होता. २०१७ पासून एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना ही विमा योजना लागू आहे, आणि विमा असलेल्या बाईला बाळंतपणाच्या रजेचे पैसे कामगार विमा महामंडळ देतं, मालक देत नाही! म्हणजे ठेकेदाराच्या खिशाला त्या रजेच्या पगाराची तोशीस नव्हतीच. तरी त्याला ती नको होती. का? तर जागा राखून ठेवावी लागते, कागद करावे लागतात, आणि बाहेर दुसरी मुलगी उभीच असते.

या सगळ्या कायद्यात मला एक भोक दिसतं. सव्वीस आठवड्यांची रजा आहे, पण तपासणीसाठी पगारी सुट्टी वेगळी कुठेच नाही. सरकारी आरोग्यखातं सांगतं, बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा आणि बाळंतपणापर्यंत किमान चार तपासण्या करा. वजन, रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन, साखर, धनुर्वाताचं इंजेक्शन, सोनोग्राफी. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरकडून मोफत तपासणी असते. उत्तम योजना आहे. पण आपल्या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी! मी कॅलेंडर काढून बसले. २०२५ मध्ये ९ तारीख गुरुवारी आली ती दोनदा, जानेवारीत आणि ऑक्टोबरमध्ये. म्हणजे फेब्रुवारीत दिवस गेलेल्या बाईला एकदम आठव्या-नवव्या महिन्यातच मुहूर्त!

उभ्याने काम न देण्याची तरतूदही अशीच उशिराची आहे. बाईने मागितलं तर जड किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही, पण ते साधारण शेवटच्या दहा आठवड्यांसाठी. पाचव्या महिन्यात पाय सुजले तर सुपरवायझरच्या मर्जीवर.

म्हणून माझी मागणी अगदी छोटी आहे. प्रत्येक गरोदर कामगार बाईला, ती कायम असो, ठेकेदाराची असो की शिकाऊ असो, तपासणीसाठी चार अर्धे दिवस पगारी द्यावेत आणि त्यासाठी हजेरी भत्ता कापू नये. दवाखान्याचं कार्ड दाखवायचं आणि जायचं. इंग्लंडमध्ये गरोदर कामगार स्त्रीला तपासणीसाठी पगारी वेळ मिळण्याचा कायदेशीर हक्क कित्येक वर्षांपासून आहे. तिथले कारखाने त्याने बंद पडल्याचं ऐकिवात नाही.

माझा एक भाचा चाकणलाच एका कंपनीत एचआरमध्ये आहे. परवा जेवायला आला तेव्हा त्याच्यापुढे हे मांडलं. तो म्हणाला, "मावशी, तुला लाइन कशी चालते ते माहीत नाही. एक मुलगी उठली की रिलीव्हर लागतो. गुरुवारी जाऊ दे की तिला दवाखान्यात." मी म्हटलं, "गुरुवारी तुम्हीच ओव्हरटाइमला बोलावता. आणि सोनोग्राफीची तारीख दवाखाना देतो, ती काय तुझ्या लाइनला विचारून देतो?" मग म्हणाला, "आधीच सव्वीस आठवड्यांमुळे छोटे कारखानदार मुली घ्यायला कचरतात. आणखी मागाल तर घेणारच नाहीत."

त्याचं हे दुसरं म्हणणं मी झटकून टाकत नाही. सगळा भार एकाच मालकावर टाकला की तो लग्नाच्या वयाची मुलगी टाळतो, हे खरं आहे. पण हा वादही नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचं विधेयक आलं, तेव्हा खर्च कोणी करायचा यावर असाच काथ्याकूट झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा देताना म्हटलं होतं की आईला आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्याच हिताचं आहे, म्हणून मोठा भार सरकारने उचलायला हवा. पण त्या स्त्रीच्या श्रमातून नफा होतो तो मालकाला, तेव्हा त्यालाही हात वर करता येणार नाहीत. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. जवळजवळ शंभर वर्षं होत आली आणि आम्ही जेवणाच्या ताटावर तोच वाद घालतो आहोत!

भाच्याला मी एवढंच म्हटलं, "विम्याची योजना हेच बाबासाहेबांचं उत्तर आहे, भार वाटून घ्यायचा. मी तुझ्याकडे मागते आहे ते चार अर्धे दिवस, म्हणजे नऊ महिन्यांत दोन दिवस. एखाद्याच्या लग्नाच्या वरातीला याहून जास्त खाडे होतात."

ती मुलगी टिकली ती एका अर्जामुळे. आम्ही दोघींनी बसून मराठीत लिहिला. गरोदर असल्याची सूचना, अपेक्षित तारीख, कोणत्या तारखेपासून रजा हवी ते, आणि बसून करण्याचं काम मिळावं ही विनंती. सोबत दवाखान्याचा दाखला. एक प्रत ठेकेदाराला, एक कंपनीला, दोन्ही स्पीड पोस्टाने, आणि पोच जपून ठेवली. आठ दिवसांत तिला तपासणीच्या टेबलावर बसायचं काम मिळालं. रजेचे पैसेही खात्यात आले. तोंडी बोललेलं हवेत विरतं, कागद मात्र फायलीत राहतो आणि फायलीला सगळे घाबरतात. चाळीस वर्षांपूर्वी वर्गात अर्जलेखन शिकवताना मी पाच गुणांसाठी शिकवत होते, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

तेव्हा नातेवाईक मंडळींनो, तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिला आधी नाव नोंदवायला न्या, बारा आठवड्यांच्या आत. पगाराच्या पावत्या आणि ईएसआयचा नंबर एका पिशवीत ठेवायला सांगा. अर्ज लिहायला कुणी नसेल तर माझ्याकडे पाठवा, मी संध्याकाळी घरीच असते. आणि जे कोणी चाकण-भोसरीच्या कंपन्यांत खुर्चीवर आहेत, त्यांनी चार अर्ध्या दिवसांचा विचार करावा. त्यासाठी कायदा बदलायची वाट पाहावी लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

भाचा "वर बोलून बघतो" म्हणाला आहे. दर रविवारी विचारते आहे. हल्ली रविवारी फोन उचलत नाही!