लिंबू आणि सेंटर पंच

'शुभ बोल नाऱ्या!' काच फोडायचं आणि सीटबेल्ट कापायचं अवजार गाडीत ठेवा, असं कुणाला सुचवलं की पहिलं उत्तर बहुधा याच चालीवरचं मिळतं. गंमत म्हणजे असं म्हणणाऱ्याच्या गाडीला पुढे लिंबू-मिरची लटकत असते, आणि शोरूममधून निघताना तिच्या चाकाखाली लिंबू चिरडलेलं असतं. म्हणजे अपघाताची शक्यता त्यालाही मान्य आहे. फक्त तिच्याशी बोलणी तो लिंबामार्फत करतो. खंडेनवमीला पान्या-हातोडीला हळदकुंकू वाहणाऱ्या समाजाने अवजारालाच अपशकुन ठरवावं, हे अजबच. पण या मंडळींशी वाद लवकर संपतो. खरा वाद विचार करून 'नको' म्हणणाऱ्यांशी आहे.

ते म्हणतात, गाडी पाण्यात बुडणं वगैरे सिनेमात होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि बंद गाड्यांमध्ये अडकून मुंबईत माणसं मेली. तो दिवसच वेगळा होता, म्हणून आपण ते मागे टाकलं. मग जुलै २०१९ मध्ये मालाडच्या सबवेत पाणी भरून गाडीतले दोघे गेले. मे २०२३ मध्ये बंगळुरूत के. आर. सर्कलच्या भुयारी मार्गात आणि सप्टेंबर २०२४ मध्ये फरिदाबादला रेल्वेखालच्या रस्त्यात असंच झालं. यातली एकही गाडी नदीत कोसळली नव्हती. सगळ्या रोजच्या रस्त्यावर होत्या. आणि गावाकडचं म्हणाल, तर जुलै २०२४ मध्ये पंढरपूरहून परतणाऱ्या भाविकांची जीप जालना जिल्ह्यात रस्त्यालगतच्या विहिरीत पडली. कठडा नसलेल्या विहिरी डांबरी रस्त्याला खेटून असलेल्या राज्यात 'आमच्याकडे कुठे असं होतं' हे वाक्य जपून वापरावं.

दुसरं उत्तर जास्त आत्मविश्वासाने येतं: दार उघडू आणि बाहेर पडू. शाळेतलं भौतिकशास्त्र इथे कामाला येतं. दाराची रुंदी मीटरभर धरा. दाराच्या खालच्या कडेपासून पाणी अर्धा मीटर चढलं आणि आतून गाडी अजून कोरडी असली, तर बाहेरून दारावर सुमारे सव्वाशे किलोंचा रेटा असतो. पाणी मीटरभर झालं की तो दुप्पट नव्हे, चौपट होतो: पाचशे किलो. खांद्याने ढकलायची ही गोष्ट नाही. यावर कुणी हुशार सांगतो की गाडी पाण्याने भरू द्यावी, आतबाहेर दाब सारखा झाला की दार सहज उघडतं. विज्ञान म्हणून ते बरोबर आहे. पण त्याचा अर्थ असा, की मागच्या सीटवर सहा वर्षांची मुलगी असताना पाणी छताला लागेपर्यंत शांत बसायचं, मग अंधारात श्वास रोखून दाराची कडी शोधायची. शिवाय मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलेलं असेल, तर ती आतून उघडणारच नाहीत.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी गाड्या खरोखर पाण्यात सोडून याचा अभ्यास केला. गाडी पडल्याबरोबर दगडासारखी तळाला जात नाही. साधारण अर्धं ते दोन मिनिटं ती तरंगते, आणि सुटका व्हायची ती बहुतेक त्याच वेळात होते. फोन करत बसायचं नाही, बेल्ट सोडायचे, काच खाली करायची, मुलांना आधी बाहेर काढून मागोमाग आपण निघायचं, असा त्यांचा क्रम आहे. यात पहिला मान काचेच्या बटणाचा आहे, हे मी अवजाराचा कैवारी असूनही मान्य करतो. पण वायरिंगमध्ये पाणी शिरलं किंवा धडकेत दार चेपलं, की बटण दाबून उपयोग नसतो, आणि मग त्या दोन मिनिटांतली उरलेली सेकंदं हाताशी काय आहे यावर जातात.

'हेडरेस्ट आहे की!' व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरणारा हा शोध. सीटच्या हेडरेस्टचे पोलादी दांडे म्हणे काच फोडता यावी म्हणूनच टोकदार केलेले असतात. तसं काही नसतं. हेडरेस्ट मागून धडक बसल्यावर मान वाचवायला असतं. त्याचे दांडे खाचेत बसावेत एवढ्यापुरतेच निमुळते असतात. एखाद्याने त्यांनी काच फोडलीही असेल, पण बसल्या जागी मागे वळून, बटण दाबून ते उपसून काढायचं आणि अडचणीच्या जागेत फिरवायचं, हा प्रयोग आज उभ्या गाडीत, कोरड्या हातांनी करून पाहा आणि मग बोला.

आता सर्वांत वजनदार आक्षेप: ही अवजारं चालतच नाहीत. तो अर्धा खरा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये सहा अवजारं तपासली, तीन हातोडीच्या घाटाची आणि तीन स्प्रिंगची. टेम्पर्ड काच सहापैकी चौघांनी फोडली. लॅमिनेटेड काच एकालाही फुटली नाही. टेम्पर्ड काच कडक टोकाने टोचली की तिचा साबुदाण्यासारखा चुरा होतो. लॅमिनेटेड काचेत दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो, त्यामुळे ती तडकते पण जागा सोडत नाही. पुढची मोठी काच लॅमिनेटेड असते. तिच्यावर ताकद घालवू नये. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असतात, मात्र आवाज कमी यावा म्हणून काही महागड्या गाड्यांना पुढच्या दारांतही लॅमिनेटेड काच बसवतात. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिची जात छापलेली असते. ती आजच वाचा. यातून निष्कर्ष 'अवजार घेऊ नका' असा निघत नाही. कोणती काच फोडायची ते आधी ठरवा, असा निघतो. आणि घ्यायचं तर स्प्रिंगचं घ्या. फॅब्रिकेशनवाल्यांचा आपोआप ठोका देणारा सेंटर पंच असतो, तीच यंत्रणा. हातोडी पाण्याखाली जोरात फिरत नाही. पंच काचेच्या खालच्या कोपऱ्यात टेकवून दाबला की झालं.

बेल्टबद्दल एक विचित्र तर्क चालतो: अडकलो तर सुटणार कसे, म्हणून बेल्टच लावत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा मागे बसलेल्यांनी बेल्ट लावले नव्हते. धडकेत माणूस शुद्धीवर राहिला, तरच त्याला काच फोडता येते. शुद्धीवर ठेवण्याचं काम बेल्टचं. अडकलाच, तर अवजाराच्या दुसऱ्या टोकाला खोबणीतली पात असते. दोघांत वैर कुठे आहे?

आग लागल्यावर तर वेळ आणखी कमी मिळतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस दाराच्या बाजूवर उलटली आणि पेटली. पंचवीस माणसं गेली. जे वाचले, त्यांच्यातले काही खिडकीची काच फोडून निघाले. ती बस होती, आपली गाडी नव्हे, हे कबूल. पण दार खाली दबलं की कुठल्याही वाहनात काचच दार होते. आणि आपल्या गाडीतलं अवजार अशा वेळी रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणासाठीही उपयोगी पडतं.

एक सावधगिरी मात्र आहे. डिकीत, स्टेपनीखाली, पिशवीत गुंडाळलेलं अवजार असून नसल्यासारखंच. ग्लोव्ह बॉक्सही भरवशाचा नाही, कारण बेल्टला लटकलेल्या चालकाचा हात तिथवर पोचेल असं नाही. डॅशबोर्डवर मोकळं ठेवलं तर धडकेत तेच कुणाच्या डोक्यात बसेल. बेल्ट लावून बसल्यावर हात पोचेल अशा जागी ते घट्ट बसवा, आणि कुठे आहे ते मागे बसणाऱ्या आजीलाही दाखवा. दिवाळीची खरेदी दाखवतो तसं, दोन मिनिटांत.

शोरूमवाला सीट कव्हर, मडफ्लॅप, अत्तराची बाटली आणि गंजरोधक लेप इतक्या प्रेमाने दाखवतो की ऑन-रोड किंमत कधी वाढली ते कळत नाही. धोक्याचा लाल त्रिकोण तर गाडीसोबतच येतो. काच फोडायचा पंच त्या यादीत का नाही, हा प्रश्न ग्राहकाने बुकिंगच्या कागदावर सही करण्याआधी विचारावा. सही झाल्यावर उत्तर मिळत नाही, फक्त पेढे मिळतात.