ती ‘दुसरी बाई’ मीच!

गोष्ट २०१७ सालची. अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांचे गठ्ठे आणि स्कूटर चुकवत चालले होते. समोरून एक ओळखीची आली. माझ्यासारखीच पुस्तकांची मुखपृष्ठं आणि मुलांच्या गोष्टींतली चित्रं करणारी. राहायला कोथरूडला. आमची ओळख तशी ‘काय, कशी आहेस’ इतपतच. उसाचा रस घ्यायला थांबलो. बोलता बोलता ती म्हणाली, ‘‘अगं, एक काम हातचं गेलं. तीन वर्षं त्यांची कव्हरं मीच करत होते. एका कव्हरचे चार हजार. आता म्हणतात, दुसऱ्या बाई अडीच हजारांत करून देतात, तुम्हाला परवडत असेल तर बघा.’’

प्रकाशकाचं नाव तिनं सांगितलं आणि रस माझ्या घशातच अडकला. ती ‘दुसरी बाई’ मीच होते.

मी काय केलं? काही नाही. ‘‘कमाल आहे बाई लोकांची!’’ म्हटलं आणि रसाचे पैसे मी दिले. (तेवढंच प्रायश्चित्त!)

घरी आल्यावर मात्र चैन पडेना. मी मुद्दाम तिच्या पोटावर पाय दिला नव्हता. मला फोनवर विचारलं होतं, ‘‘तुमचं एका कव्हरचं काय असतं?’’ काम जाईल या भीतीनं मी मनातला आकडा गिळला आणि त्याहून कमी सांगितला. विचारायचं कुणाला? बाजारभाव कुठे लिहिलेला असतो? शिवाय मिस्टरांचा पगार होता. अडीच हजार म्हणजे मला ‘पुष्कळ झाले’. तिचं तसं नव्हतं. मुलगी दहावीत, घर एकटीच्या कमाईवर. माझ्या ‘पुष्कळ झाले’नं तिच्या घरचा किराणा गेला होता.

घरी बसून काम करणाऱ्या आपण सगळ्या. कुणी चित्रं काढते, कुणी अनुवाद करते, कुणी जाहिरातींना आवाज देते, कुणी मुद्रितं तपासते. नोकरीतल्या बाईला निदान डबा खायची सुट्टी असते. कुणाला किती वाढ मिळाली, कुणाचा साहेब कसा, हे तिथं पोळीभाजीबरोबर कळतं. आपल्याला डब्याची सुट्टी नाही आणि सहकारीही नाहीत. आहेत ते नातेवाईक आणि शेजारी, ‘तू घरीच असतेस ना, मग गॅसवाला येईल तेवढं बघ’ म्हणणारे.

बरं, आपण एकमेकींना ओळखत नाही असंही नाही. प्रदर्शनात भेटतो, व्हॉट्सअ‍ॅपवर चित्राला बदाम पाठवतो, ‘काय सुंदर गं’ म्हणतो. पैशांबद्दल मात्र चकार शब्द नाही. मेथीची जुडी कितीला मिळाली हे आपण जिन्यात उभं राहून विचारतो, साडीची किंमत पदर हातात घेऊन विचारतो. पण चित्राचे किती घेतेस, हे विचारणं असभ्य! त्यातून कलाकार बाई आणि पैशांचं बोलते म्हणजे हावरटच. या गप्प बसण्याचा फायदा कुणाला होतो, हे मला उसाच्या रसानं शिकवलं.

पंधरा दिवसांनी मी तिच्या घरी गेले आणि सांगून टाकलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून चहा टाकला आणि म्हणाली, ‘‘मला वाटलंच होतं. अक्षरांची वळणं तुझीच होती.’’ त्या दिवशी आम्ही दोघींनी आपापले सगळे दर एका वहीच्या पानावर लिहिले. कोण किती देतो, कधी देतो, कोण बुडवतो. दोन पानं भरली.

तिथून आमची भिशी सुरू झाली. नाव भिशीच ठेवलं, कारण ‘संघटना’ म्हटलं असतं तर निम्म्या जणींना घरून परवानगीच मिळाली नसती! दहा जणी, दर महिन्याला हजार रुपये. फरक एवढाच, की जिचा चेक अडकलाय तिला आधी भिशी. कुणाचाच अडकला नसेल तर चिठ्ठी. अजून चिठ्ठी काढायची वेळ फार वेळा आलेली नाही, यावरून काय ते समजा.

यात नवीन काही नाही, हे मलाही ठाऊक आहे. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका घरातल्या घरात गिरणी कामगारांना जेवू घालायच्या. त्याही ‘घरीच’ असायच्या. वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज, सगळं प्रत्येकीचं एकटीचं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त एकत्र आणलं आणि एकट्या बाईला दारात उभं न करणाऱ्या बँकांकडून त्यांना कर्जं मिळू लागली. आपण शिकल्यासवरलेल्या, संगणकावर काम करणाऱ्या, म्हणून आपलं दुखणं वेगळं, असं मला तरी वाटत नाही.

वहीनं आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली. आमच्यातली चिंचवडची मैत्रीण कायदा वाचायला बसली आणि दर महिन्याला काहीतरी नवीन घेऊन येऊ लागली. पैसे घेऊन काढून दिलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याकडे जाऊ शकतो. आणि आपण हक्क लिहून दिले पण मुदत लिहिली नाही, तर १९५७ चा कायदा ती पाच वर्षं धरतो. वीस वर्षं मी चित्रं काढतेय, मला यातलं अक्षर माहीत नव्हतं! तसंच २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा. ‘उद्यम’ नोंदणी घरबसल्या होते, फुकट होते. ती असली की तुमचे पैसे ४५ दिवसांहून जास्त थांबवता येत नाहीत, थांबवले तर चक्रवाढ व्याज लागतं. खरं सांगते, आम्ही अजून एकाही प्रकाशकाविरुद्ध तक्रार केलेली नाही. पण बिलाखाली नोंदणी क्रमांक आणि ही एक ओळ लिहायला लागल्यापासून ‘साहेब बाहेरगावी गेलेत’ हे वाक्य कमी ऐकू येतं.

सगळं गोडच आहे असं नाही हं. आधी आम्ही ठरवलं, अमुक रकमेच्या खाली कुणी काम घ्यायचं नाही. दोन महिन्यांत ते मोडलं. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली मुलगी माझ्याइतके पैसे कसे मागणार? मग नियम बदलला. दर कितीही सांगा, पण भिशीत खरा सांगा. हा नियम जास्त अवघड निघाला. पहिल्याच महिन्यात मीच एक आकडा वाढवून सांगितला होता, उगाच, लाज वाटली म्हणून.

औंधच्या मैत्रिणीला टायफॉइड झाला तेव्हा तिचं अर्धं राहिलेलं पुस्तक आमच्यातल्या एकीनं पूर्ण केलं. सगळ्या खूश. पुढे त्या लोकांनी नवीन पुस्तक थेट हिलाच दिलं आणि हिनं ते घेतलं. कोण चुकलं यावर दोन भिशा वाया गेल्या. औंधची तेव्हापासून येत नाही. तिला फोन करायचा, असं दर महिन्याला ठरतं. मला वाटतं, काम घेणारीनं आधी विचारायला हवं होतं. पण अशा वेळी काय करायचं हे आम्ही आधी ठरवलं नव्हतं, ही चूक आम्हा सगळ्यांची.

आणि २०२०? लॉकडाऊनमध्ये पुस्तकांची दुकानं बंद, छापखाने बंद, आमची कामंही बंद. ज्यांच्या घरात पगार येत होता अशा चौघींनी तीन महिने बाकीच्यांचे हप्ते भरले. मीही त्यात होते. मिस्टरांना तेव्हा सांगितलं नव्हतं, आज इथं वाचतील.

मागच्या आठवड्यात एका नवीन प्रकाशकांचा फोन आला. मी दर सांगितला. नेहमीचं उत्तर आलं, ‘‘मॅडम, दुसऱ्या बाई याच्या निम्म्यात करतात.’’

मी विचारलं, ‘‘कोणत्या? कोथरूडच्या की चिंचवडच्या? दोघी रविवारी माझ्याकडेच येतायत, विचारून सांगते.’’

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ‘‘कळवतो’’ म्हणाले. अजून कळवलेलं नाही. भिशी या वेळी माझ्याकडे आहे, साबुदाणा भिजत घालायचाय, आणि औंधला फोन करायचाय. या खेपेला मीच करणार आहे.