सोवळे, वजू आणि मानसोपचार

मनोविकाराला धर्म नसतो आणि मेंदू सर्वांचा सारखाच असतो. तेव्हा अल्पसंख्याक समाजांसाठी सांस्कृतिकदृष्ट्या संवेदनशील मानसोपचार, म्हणजे रुग्णाची भाषा, श्रद्धा व रीतिरिवाज जमेस धरून केलेले निदान आणि उपचार, हा निव्वळ अनुनय होय, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेपाचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या अनुमानात, कारण सध्याची पद्धती संस्कृतिनिरपेक्षच आहे असे त्यात गृहीत धरलेले असते.

मंत्रचळाचे, म्हणजे नकोसा विचार वारंवार मनात घुसणे आणि तो शमवण्यासाठी एकच कृती पुनःपुन्हा करावी लागणे या विकाराचे, उदाहरण घ्यावे. सोवळ्यातली आजी कुणाचा स्पर्श झाला म्हणून पुन्हा स्नान करते यात आजार नाही, हे मराठी हिंदू घरात वाढलेल्या डॉक्टरला पाठ्यपुस्तकाविना कळते. तीच आजी धुतलेला हंडा दुपारपर्यंत धूतच राहिली तर काहीतरी बिघडले आहे, हेही कळते. हे ज्ञान वैद्यकाचे नव्हे, घरचे आहे. परंतु नमाजापूर्वीच्या वजूत हात, तोंड, नाक, चेहरा आणि कोपरापर्यंतचे बाहू तीन-तीनदा धुण्याचा प्रघात आहे, हे ज्याला ठाऊक नाही तो एक तर धार्मिक शुचितेलाच विकार ठरवील, किंवा तासभर नळाखाली बसून राहणाऱ्या बाईला ‘त्यांच्यात असतेच तसे’ म्हणून घरी पाठवील. (दुसरी चूक सभ्य दिसते, म्हणून अधिक टिकते.) धुणे पुरे झाले की नाही या संशयाला मुस्लिम परंपरेत ‘वसवसा’ असे नाव आहे, आणि तीनपेक्षा अधिक वेळा धुणे तिथेही नापसंतच आहे, त्यामुळे उपचारात वजू सोडायला सांगावे लागत नाही, चौथ्यांदा हात पाण्याकडे जाऊ न देण्याचा सराव तेवढा करवून घ्यावा लागतो.

एकच पद्धती सर्वांना लावल्यास काय होते, हे मनोविकारतज्ज्ञ फ्रांझ फॅनन यांनी 1953 नंतर अल्जीरियातील ब्लिदा येथील मनोरुग्णालयात अनुभवले. सभा, चित्रपट, हस्तकला, रुग्णांचे वृत्तपत्र अशी सामूहिक उपचारपद्धती युरोपीय स्त्रियांच्या विभागात रुजली आणि मुस्लिम पुरुषांच्या विभागात साफ फसली. निरक्षर माणसांपुढे वृत्तपत्र ठेवले गेले होते, आणि ज्या दुभाष्यामार्फत त्यांच्याशी बोलले जाई, तो दुभाषा त्यांना एरवी कोर्टकचेरीतच भेटलेला. फॅनन यांनी दोष रुग्णांच्या ‘मागासलेपणा’ला न देता आपल्या पद्धतीला दिला, मग विभागात कॉफीगृह उघडले, मुस्लिम सण साजरे केले, कथेकरी बोलावला, आणि ही माणसे हळूहळू त्यात सहभागी होऊ लागली.

दुसरा आक्षेप विवेकवाद्यांचा असल्याने अधिक गंभीर आहे: श्रद्धेला दवाखान्यात जागा दिली की अंगारे-धुपारे मागोमाग येतात. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील खाजगी आश्रयगृहात 2001 च्या ऑगस्टमध्ये लागलेल्या आगीत साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण मृत्युमुखी पडले, हे विसरण्याजोगे नाही. मात्र साखळी ही संस्कृती नव्हे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 हा कोणत्याही रूपात साखळीने बांधण्यास मनाई करतो आणि त्याच वेळी धर्म, संस्कृती वा जात यांवरून भेद न करता उपचार मिळण्याचा हक्कही देतो. या दोन तरतुदींत कायद्याला विसंगती दिसली नाही, ती आक्षेपकांना दिसते. शिवाय दर्ग्यांवर हिंदूही मोठ्या संख्येने जातात, तेव्हा हा प्रश्न केवळ एका समाजाच्या अंधश्रद्धेचा म्हणून मांडणे वस्तुस्थितीला धरून नाही. गुजरातेतील मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ उपक्रमात मुजावरांना, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्यांना, मनोविकाराची लक्षणे ओळखून रुग्णाला डॉक्टरकडे पाठवण्याचे शिक्षण देण्यात आले. तिथे दुआ बंद झाली नाही, आणि गोळ्यांची चिठ्ठीही मुजावराने नव्हे, डॉक्टरनेच लिहिली.