घाट उतरण्याआधीची दहा मिनिटं

बोरघाटात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो हाच, असं लोक सांगतात. आजही कित्येक ट्रकवाले तिथं गाडी हळू करतात, नाणं टाकतात, हात जोडतात आणि पुढं जातात. चाकांपाशी येणारा करपट वास मात्र क्वचितच कुणी उतरून घेतो.

२६ जुलै २०२५ला मुंबईकडे निघालेला एक कंटेनर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या उतारावर अनावर झाला. वीसच्या आसपास गाड्या चेपल्या, एका महिलेचा जीव गेला. कारण सांगितलं गेलं ते नेहमीचंच: ब्रेक फेल. जणू ब्रेकनं त्या क्षणी अचानक राजीनामा दिला!

घाटातलं गणित साधं आहे. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत रस्ता सुमारे ५०० मीटर खाली येतो. ४० टनांची गाडी तेवढी उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर सहाशे लिटर पाणी उकळेल. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन पेलतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल केली, की सगळा भार ब्रेकच्या लायनरवर. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते आणि पाय कितीही दाबला तरी गाडी ऐकत नाही. त्यात इंजिनही बंद केलं असेल, तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं.

शनिवार-रविवारी लोणावळ्याजवळच्या टायगर पॉइंटला किंवा पवनेकाठी येणाऱ्या मोटारींची दुखणी वेगळी, पण त्याही आधी कुरकुरतात. पेडल स्पंजासारखं लागलं तर ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरलेली असते. दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेलं तर कुठंतरी गळती असते किंवा मास्टर सिलिंडर थकलेला असतो. ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली, तर एखादा कॅलिपर अडकल्याचा संशय घ्यावा, पण आधी टायरमधली हवा बघावी. ब्रेक लावतानाच स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क तपासायची. ब्रेक न लावताही ठरावीक वेगाला थरथरलं तर व्हील बॅलन्सिंग. चाक वळण्याआधी स्टिअरिंग रिकामंच फिरत असेल, तर टाय रॉड, बॉल जॉइंट झिजले असावेत. तो ‘प्ले’ घेऊन घाटात उतरू नये.

ब्रेक ऑइल तर बहुतेकांच्या खिजगणतीतच नसतं. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत घसरू शकते. उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. मावळातल्या पावसाळ्यात गाडी ठेवणाऱ्यांनी दर दोन वर्षांनी ते बदलणं ही चैन नव्हे.

याच डोंगरात रेल्वेनं हा प्रश्न केव्हाच गांभीर्यानं घेतला. १८६३मध्ये सुरू झालेल्या, ३७ला १ चढाच्या या घाटात उतरणारी गाडी मंकी हिलसारख्या ठिकाणी थांबवून मगच पुढं सोडतात. अनावर झालेली गाडी अडवायला चढावर नेणारे कॅच सायडिंग आहेत. कितीही घाईची गाडी असो, थांबा चुकत नाही.

रस्त्यावर असा थांबा का नसावा? पुण्याहून येताना लोणावळ्याच्या अलीकडं, कुसगावच्या आसपास प्रत्येक अवजड वाहन दहा मिनिटं सक्तीनं थांबवावं. हवेचा दाब, लायनर, गळती बघावी. खालच्या गिअरची ताकीद देऊन मग सोडावं. चालकाच्या माथी दोष मारण्याआधी मालकाकडं ब्रेकच्या देखभालीची नोंद मागावी. आज मुंबईकडे जाणारी गाडी उर्से टोलनाक्यावर हळू होते, फास्टॅगचे पैसे काही सेकंदांत कापले जातात आणि फाटक उघडतं. ब्रेकचं कुणी विचारत नाही.